गळाचा बोया : हात-हुन्नर, वजन आणि हिशेब

कमी किमतीच्या वस्तूत फसगत जास्त होते, कारण तिचा हिशेब कोणी करीत नाही. दहा हजारांचा माल घेणारा चार दुकाने फिरतो, ताग्याचे टोक उलगडून बघतो. तीस रुपयांची वस्तू मात्र तो न बघता खिशात टाकतो. गळाने मासे धरणाऱ्यांचा बोया, ज्याला आता सर्रास फ्लोट म्हणतात, अशाच वस्तूंपैकी आहे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी गिरणेच्या पाण्यावर छडी घेऊन बसणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातले बरेच जण दुकानातला रंगीत प्लास्टिकचा बोया वापरतात, आणि तो किती वजन पेलतो हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि विकणाऱ्यालाही.

हा बोया घरी होऊ शकतो आणि दुकानातल्यापेक्षा चांगला होऊ शकतो. ज्याच्या हातात हुन्नर आहे त्याला त्यातून थोडीफार रोजीही मिळू शकते. मात्र तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात : बोया काम कसे करतो, त्याचे वजन कसे बसवावे आणि त्याची खरी किंमत किती पडते. या लेखात आम्ही याच क्रमाने जाणार आहोत.

जुना हुन्नर

ही विद्या नवी नाही. इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवर एक प्रबंध छापला गेला. तो ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नावावर सांगितला जातो. चांगल्या बुचाला तापलेल्या सळईने आरपार भोक पाडावे व त्यात पिसाची नळी बसवावी, ही कृती त्यात आहे. दोरी जितकी जाड तितका बोया मोठा, म्हणजे वाटाण्यापासून अक्रोडापर्यंत, हेही सांगितले आहे. पाचशे वर्षांनंतरही त्यात बदल करावा असे फारसे काही नाही.

त्यानंतर १६५३ साली आयझॅक वॉल्टन यांचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे पुस्तक निघाले. ते आजही वाचले जाते. आमच्या वाचकांना त्यातली मौज अशी की हे वॉल्टन लंडनच्या बाजारात कापडाचा धंदा करीत असत. दुकानात बसणाऱ्या माणसाने पाण्यावरची विद्या लिहिली, तेव्हा हा विषय व्यापाराच्या पानावर आला तर कोणी नवल करू नये.

आपल्याकडे बंगाल यात पुढे आहे. तिथे मोरपिसाच्या दांड्याचा बोया करतात व त्याला फात्ना म्हणतात. कोकणात गरवणारे लोक हाताला येईल ते हलके लाकूड वापरत आले आहेत.

बोया काम कसे करतो

नियम एकच आहे : वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या वजनाचा आधार पाणी तिला देते. पाण्याचे एक घन सेंटिमीटर म्हणजे एक ग्रॅम. एवढ्यावर सगळा हिशेब होतो.

उदाहरण घेऊ. दोन सेंटिमीटर जाडीचे आणि चार सेंटिमीटर लांबीचे एक बूच आहे. त्याचे आकारमान साधारण साडेबारा घन सेंटिमीटर होते. म्हणजे ते पूर्ण बुडाले तर साडेबारा ग्रॅमचा आधार मिळेल. बुचाचे स्वतःचे वजन सुमारे अडीच ग्रॅम आणि आत बसविलेली काडी एक ग्रॅम, हे वजा केल्यावर नऊ ग्रॅम उरतात. हा बोया नऊ ग्रॅमचा आहे.

आता या बोयाखाली कोणी चारच ग्रॅम वजन लावले, तर पाच ग्रॅम ताकद शिल्लक राहिली. माशाने आमिष तोंडात घेऊन ओढले की त्याला हे पाच ग्रॅम खाली खेचावे लागतात. मासा अडाणी नाही. तोंडातला घास ओढ देतो असे कळले की तो घास सोडतो. ‘मासा लागत नाही, नुसता चाटून जातो’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे कारण बहुतेक वेळा पाण्यात नसते, ते बोयाच्या शिल्लक ताकदीत असते. दुकानातले गोल प्लास्टिकचे गोळे इथेच मार खातात. त्यांचा पेल मोठा असतो आणि वजन लावलेले असते थोडे.

म्हणून चांगल्या बोयाची व्याख्या अशी करावी : अंग बारीक, वजन पोटभर, आणि पाण्याबाहेर फक्त टोक.

साहित्य

भेंड : ज्याची बाशिंगे करतात ते भेंड अतिशय हलके असते आणि ब्लेडने सहज कापले जाते. मात्र ते ठिसूळ असते व पाणी पिते, म्हणून त्याला रोगणाचे तीन हात द्यावेत.

पांगारा आणि सावर : दोन्ही लाकडे हलकी आहेत. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याचीच होतात. सुताराकडे तुकडे मिळाले तर पॉलिश पेपरने घासून हवा तो आकार येतो.

बोरू : उर्दू शाळेत तख्तीवर लिहिण्यासाठी ज्या बोरूची कलम करीत असत, तोच नदीकाठी उगवणारा बोरू. आतून पोकळ, सरळ आणि बारीक. दोन पेरांमधला तुकडा घेऊन दोन्ही टोके एम-सीलने बंद केली की संथ पाण्यासाठी नाजूक बोया तयार होतो.

बूच : हे एका प्रकारच्या ओक झाडाची साल आहे. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी ती काढतात. जगात पोर्तुगाल यात सर्वांत पुढे आहे. प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानांत लहान-मोठी बुचे सुटी मिळतात.

हवाई चप्पल : जुन्या चपलेचा तळवा फुकटात मिळतो, कापायला सोपा असतो आणि पाण्यात कुजत नाही. मच्छीमार जाळ्यांनाही त्याचे तुकडे लावतात. दिसायला साधा, पण नवशिक्याने सुरुवात यानेच करावी.

पीस : मोरपिसाचा दांडा उत्तम खरा, पण मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे. पिसासाठी मोर मारणे हा गुन्हा आहे आणि पिसे परदेशी पाठविण्यासही बंदी आहे. माल कुठून आला याची खात्री नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. बदकाच्या किंवा टर्कीच्या मोठ्या पिसाचा दांडा लहान बोयाला पुरतो.

थर्माकोल टाळावा. तो सहज मिळतो, पण त्याचे दाणे सुटून पाण्यात जातात व माशांच्या पोटात राहतात. शिवाय नेलपॉलिश किंवा थिनरचा रंग लावताच तो विरघळतो.

बाकी सामान घरातलेच आहे : खराट्याची जाड काडी किंवा बांबूची सळई, पोती शिवायचे दाभण, शिलाईचा पक्का दोरा, पॉलिश पेपर, रोगण, रंग, आणि सायकलच्या वॉल्व्हची रबरी नळी.

कृती

१. बुचाला किंवा लाकडाला दाभणाने बरोबर मधोमध आरपार भोक पाडावे. दाभण तापवून घेतले तर बूच चिरत नाही. भोक तिरके गेले तर बोया पाण्यात कधीच सरळ उभा राहणार नाही. तो तुकडा तिथेच बाजूला ठेवावा.

२. भोकातून सळई घालून चिकटवावी. सळई वर चार-पाच सेंटिमीटर व खाली तीन सेंटिमीटर राहावी.

३. सळई बोटांत फिरवीत अंग पॉलिश पेपरने घासावे. आकार खाली निमुळता असावा. जाड भाग वर आणि बारीक भाग खाली असला की मासा ओढतो तेव्हा पाणी कमी अडते.

४. सळईच्या खालच्या टोकाला तांब्याच्या बारीक तारेचा लहान डोळा करून ठेवावा आणि तो दोऱ्याने गच्च गुंडाळावा. वेढे एकमेकांना चिकटून यावेत, एकावर एक चढू नयेत. कांडी भरणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही. वरून पातळ सरस लावावा.

५. रोगणाचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. भोकाच्या तोंडाशी रोगण नीट मुरले पाहिजे, कारण पाणी तिथूनच शिरते.

६. रंग शेवटी. पाण्याखाली राहणारा भाग हिरवट किंवा मातकट ठेवावा. वरच्या टोकावर एक-एक सेंटिमीटरचे तीन पट्टे द्यावेत. उजेडाने चकाकणाऱ्या पाण्यावर काळे टोक उठून दिसते, सावलीतल्या पाण्यावर लाल किंवा नारिंगी. एका दिवसात दोन्ही प्रकारचे पाणी भेटते, म्हणून पट्टे आलटून-पालटून द्यावेत.

वजन बसविणे

बोया करणारे पुष्कळ असतात, पण त्याचे वजन बसवून देणारे थोडे. खरी किंमत याच कामाची आहे.

खोल बादलीत पाणी घ्यावे. बोयाच्या खालच्या डोळ्यात तंगूसचा तुकडा बांधून त्याला थोडे थोडे वजन अडकवीत जावे. तीन पट्ट्यांपैकी दोनच बाहेर राहिले की थांबावे. मग ते वजन काढून मोजावे आणि बोयावर लिहावे.

मोजायला सोनाराचा काटा नसेल तरी अडत नाही. कापडवाल्यांना जीएसएम ठाऊक असते, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. कागदालाही तेच माप आहे. ए-फोर आकाराचे सोळा कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. तेव्हा ७५ जीएसएमचा एक ए-फोर कागद ७५ भागिले १६, म्हणजे सुमारे ४.७ ग्रॅमचा झाला. त्याचे चार सारखे तुकडे केले की एकेक तुकडा सुमारे १.२ ग्रॅमचा. लाकडी पट्टी मधोमध दोऱ्याने टांगून तराजू करावा, एका टोकाला वजन आणि दुसऱ्याला कागदाचे तुकडे लावावेत. घरचे वजनमाप तयार झाले.

ज्या बोयावर ‘९ ग्रॅम’ लिहिले आहे, तो नऊच पेलला पाहिजे. गिऱ्हाईक गजभर कापड घरी जाऊन मोजते, तसेच मासे धरणारा माणूस हेही पाण्यावर मोजतो, आणि माप बरोबर निघाले तर परत तिथेच येतो.

शिशाबद्दल दोन शब्द

गळाच्या वजनासाठी शिसे वापरण्याची जुनी रीत आहे. ते मऊ असते, दाताने दाबून बसविता येते आणि चुलीवर वितळते. हेच तीन गुण घातक आहेत. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. मुलांच्या रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. ज्या घरात एकाच खोलीत चूल आहे, माग आहे आणि मुलेही आहेत, त्या घरात शिसे वितळविणे म्हणजे नफ्यासाठी विष उकळणे होय. दाताने गोळी दाबण्याची सवय तर आजच सोडावी.

ब्रिटनमध्ये हंस पक्षी गाळातल्या शिशाच्या गोळ्या गिळून मरू लागले, तेव्हा १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतची बहुतेक शिशाची वजने विकण्यास बंदी झाली. तिथली मासेमारी त्यामुळे थांबली नाही. लोकांनी दुसरे धातू घेतले.

आपल्याकडे पर्याय स्वस्त आहेत : लोखंडी नट, सायकलचे छर्रे, पितळेचे मणी. एक हिशेब मात्र ठेवावा. लोखंड शिशापेक्षा हलके असल्याने पाण्यात त्याचे वजन जरा जास्त घटते. दहा ग्रॅम शिसे पाण्यात सुमारे ९.१ ग्रॅमचे काम करते, दहा ग्रॅम लोखंड सुमारे ८.७ ग्रॅमचे. म्हणून वजन बादलीत बसवावे, नुसत्या काट्यावर नको.

पाण्यावरच्या युक्त्या

खोली मोजणे : गळाला एक जड नट अडकवून बोया टाकावा. बोया बुडाला तर दोरी कमी आहे, आडवा पडला तर जास्त आहे. टोकच बाहेर राहील तिथवर सरकवीत न्यावे. हे पाच मिनिटांचे काम न करता दिवस घालविणारे पुष्कळ दिसतात.

माशाप्रमाणे खोली : कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. कुठला मासा हवा ते आधी ठरवावे, मग बोया बांधावा.

बोया वर उठणे : बोया बुडाला की झटका द्यायचा हे सर्वांना ठाऊक असते. तळाचा मासा मात्र घास घेऊन तोंड वर करतो, वजन उचलले जाते आणि बोया उलट वर उठतो किंवा आडवा पडतो. तोही घासच आहे. यासाठी शेवटचे वजन गळाच्या जवळ, तळाला टेकेल असे ठेवावे.

आमिष गेले की कळणे : कणकेचा गोळा तळाला न टेकता पाण्यात लोंबता ठेवणार असाल, तर वजन गोळ्यासकट बसवावे, म्हणजे गोळा असताना एकच पट्टा बाहेर दिसतो. कणीक विरघळली की दुसरा पट्टा दिसू लागतो. दर दहा मिनिटांनी दोरी काढून बघण्याचे कारण उरत नाही.

वारा असेल तर : तंगूस फक्त खालच्या डोळ्यातून न्यावी. गळ टाकल्यावर छडीचे टोक पाण्यात बुडवून थोडी ओढ द्यावी. दोरी पाण्याखाली गेली की वारा तिला ओढीत नाही आणि बोया जागेवर राहतो.

वाहते पाणी असेल तर उलट करावे. बोया वर आणि खाली दोन्हीकडे वॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्यांनी बांधावा, म्हणजे दोरी पाण्यावरून उचलून धरता येते. या नळीचा आणखी एक फायदा असा की दोरी न तोडता बोया बदलता येतो.

खोल पाणी : छडी आठ फुटांची आणि पाणी पंधरा फूट, अशा वेळी बांधलेला बोया निरुपयोगी. तिथे सरकता बोया हवा. शिलाईच्या जाड सुती दोऱ्याचा वीतभर तुकडा तंगूसला समांतर धरावा, त्याचा एक फास करावा, टोक त्या फासातून तंगूसभोवती चार-पाच वेळा फिरवावे, थुंकीने ओले करून आवळावे. टोके एक सेंटिमीटर ठेवून कापावीत. या गाठीखाली बारीक भोकाचा मणी आणि त्याखाली बोया ओवावा. फेकताना बोया वजनाजवळ असतो, पाण्यात पडल्यावर दोरी त्यातून सरकते आणि गाठ मण्याला टेकते तिथे थांबते. गाठ बोटाने खाली-वर सरकविता येते. नायलॉनचा दोरा यासाठी घेऊ नये, तो तंगूसवर घसरतो. सुती दोरा धरून राहतो.

रात्री : टोकाला रेडियमच्या पट्टीचा एक वेढा द्यावा आणि टॉर्च छडीजवळ जमिनीलगत ठेवावी. उजेड पाण्यावर थेट मारू नये.

एक व्यवहाराची सूचना. महाराष्ट्रातले पुष्कळ तलाव व धरणे मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असतात. त्या पाण्यात त्यांनी पैसे भरून बीज सोडलेले असते. तिथे बसण्यापूर्वी परवानगी विचारावी. परवान्याचे पैसे पडले तरी द्यावेत. ते दुसऱ्याचे भांडवल आहे.

विकायचे असेल तर

आता हिशेब. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावेत.

समजा शंभर बोये करायला घेतले. लाकूड, बूच, सळया ५०० रुपये. रोगण, रंग, दोरा १५० रुपये. पॉलिश पेपर ५० रुपये. पाकिटे व चिठ्ठ्या १०० रुपये. वीस तास मेहनत, तासाला ६० रुपये धरले तर १,२०० रुपये. एकूण २,००० रुपये.

बहुतेक जण इथे दोन चुका करतात. पहिली, मेहनत धरीतच नाहीत. ‘घरचीच माणसे आहेत’ म्हणतात आणि आठ रुपयांत बोया पडला असे समजतात. मग पंधराला विकून दुप्पट नफ्याचा आनंद मानतात. प्रत्यक्षात त्यांनी घरच्या बाईची व मुलाची मजुरी गिऱ्हाइकाला फुकट वाटलेली असते.

दुसरी चूक म्हणजे एकूण खर्चाला शंभराने भागतात. शंभरातले काही तिरके निघतात, काही पाणी पितात, काहींचे वजन बसत नाही. समजा बारा बाद झाले. मग २,००० भागिले ८८, म्हणजे एक बोया वीस रुपयांना पडत नाही, २२ रुपये ७० पैशांना पडतो. कापडात जसा सेकंडचा माल ताज्या मालावर चढतो, तसेच हे आहे.

आता दुकानदाराने तो ३५ रुपयांना विकला आणि चौथा हिस्सा स्वतः ठेवला, तर करणाऱ्याच्या हाती २६ रुपये २५ पैसे येतात. सुटे साडेतीन रुपये, म्हणजे ८८ नगांवर सुमारे ३१० रुपये. मजुरीचे बाराशे वेगळे. यात कोणी श्रीमंत होणार नाही. परंतु माग बंद पडल्यावर रिकाम्या बसलेल्या घरात वीस तासांचे दीड हजार रुपये ही नाकारण्यासारखी रक्कमही नाही.

फायदा वाढवायचा असेल तर दोन वाटा आहेत. एक, बाद नग कमी करावेत. भोक पाडताना तिरका गेलेला तुकडा तिथेच टाकला तर त्यावरचा रंग, रोगण आणि वेळ वाचतो. तपासणी शेवटी ठेवू नये. दोन, सुटा बोया न विकता वजन बसविलेला जोड विकावा : एक बोया, त्याच्या मापाचे नट-छर्रे, एक मणी, रबरी नळीचे दोन तुकडे आणि सुती दोरा. सामान चार-पाच रुपयांचेच वाढते, पण नवशिक्याला विचार करावा लागत नाही आणि तो आनंदाने जास्त दाम देतो.

मात्र सुरुवात शंभरांनी करू नये. आधी दहा करावेत, ओळखीच्या पाच जणांना वापरायला द्यावेत, महिनाभराने परत मागवून बघावेत. रोगण कुठे सुटले, दोरा कुठे सैल झाला, आकडा किती खरा ठरला, हे पाणी सांगेल. पाण्याने पास केलेलाच नमुना पुढे शंभरात न्यावा.